खाडीत टाकलेल्या चाव्या

अब्बा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी कधीच सोडून दिलं. मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचं मात्र सोडलेलं नाही, आणि हे लिहिते आहे तेही त्याच भांडणातलं समजा. परवा उरणला खालाकडे निघाले होते. जासईच्या अलीकडे गाडी अडकली, नेहमीसारखीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूलाही कंटेनर. न्हावा शेवाकडे जाणारा एक लाल कंटेनर माझ्या खिडकीला जवळजवळ टेकलेला होता. त्याच्या दाराचे उभे लोखंडी दांडे, त्यांना लागलेलं सील, सगळं हाताच्या अंतरावर. मी मान फिरवली, काच वर केली आणि रडायला लागले. ड्रायव्हर घाबरला. "मॅडम, तबियत बिघडली का? एसी वाढवू?" म्हणाला. मी म्हटलं, वाढवा. त्याला काय सांगणार? या वयात, भर रस्त्यात, एक बाई कंटेनरचं दार बघून रडते, याला काही अर्थ आहे का?

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. "लोकांची भांडणं सोडवायला विमानाने जातेस, पगार पण घेतेस," असं तुम्ही म्हणायचात आणि हसायचात. खरं तर याहून चांगलं वर्णन आमच्या साहेबांनाही जमलं नसतं. त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. एकाच देशाची दोन सरकारं, दोन झेंडे, आणि मधल्या डोंगरात आपापल्या खोऱ्याची राखण करणारे बंदूकवाले. त्यांनी बंदुका खाली ठेवाव्यात म्हणून आमचं पथक वर्षानुवर्षं गावोगाव फिरत होतं. अशाच एका खोऱ्यात डाळिंबाच्या बागा असलेला एक म्हातारा होता. खोऱ्यातली सगळी पोरं त्याच्या शब्दावर बंदूक उचलायची आणि त्याच्याच शब्दावर ठेवायची. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला, फोनवर, त्याच्याच आवाजात. आमच्या जुन्या दुभाष्याने खाली अर्थ लिहून पाठवला होता. एवढंच होतं: "तुझ्या वडिलांची ती दोन गावं, खाडीवरची. त्यांचं पुढे काय झालं? त्यांचा समेट टिकला का?" ना शिवी, ना आरोप. तो निरोप घेऊन मी आठवडाभर पनवेलच्या या घरात वावरत होते. त्याला काय सांगू, हे विचारायला मला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

ती दोन गावं मला दिसतात ती आपल्या बाजारपेठेतल्या दुकानातूनच. दोरखंडांची वेटोळी, छताला टांगलेली जाळी, ताडपत्रीचा तो वास. मी कॉलेजातून येऊन दुपारी गल्ल्यावर बसायचे, कारण तुम्हाला जेवून पाठ टेकायची असायची. खाडीत कोणी कुठे खुंट रोवून जाळं लावायचं यावरून दोन कोळीवाड्यांत जुनं वाकडं होतं. त्या वर्षी एका पोराच्या हातावर कोयता बसला आणि मग होड्यांमध्ये जाळ्यांपेक्षा कोयतेच जास्त जायला लागले. दोन्हीकडची माणसं दोर घ्यायला आपल्याकडेच यायची. एक दुकानात असला की दुसरा नाक्यावर थांबायचा. एके दिवशी तुम्ही दोघांनाही आत बोलावलंत आणि अर्धं शटर खाली ओढलंत. ज्याच्या पुतण्याचा हात गेला होता तो पाटील म्हणाला, "आमच्या पोराचा हात तोडला न कोयता आमीच पयला ठेवायचा? नाय जमणार, चाचा." दुसरा म्हणाला, "मंग आमी तरी कशाला ठेवू? आमी काय बांगड्या भरल्या हायेत?" मी गल्ल्यामागून म्हटलं, "बांगड्या भरलेली इथे मी आहे, आणि मला कोयता लागत नाही." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुढचा तासभर पावतीपुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

समेटासाठी तुम्ही रमजानचा महिना धरलात. याचं कारण मला फार उशिरा कळलं. दोन्ही गावांत जाऊन बोलायचं होतं, आणि ज्याच्या घरी आधी चहा प्यायलात त्याची बाजू घेतली असं दुसरा म्हणणार. रोजा असला की कोणाच्याच घरचा घोट घ्यायला नको. आम्हाला पुढे परदेशात मोठमोठ्या वर्गांत बसवून निःपक्षपातीपणा शिकवला, पण त्यात हे नव्हतं. शेवटी ठरलं की दोघांनी एकाच वेळी कोयते आणायचे आणि खाडीच्या कडेच्या आपल्या जाळ्यांच्या गुदामात ठेवायचे. दाराला दोन कुलपं. एकाची चावी या गावाकडे, दुसऱ्याची त्या गावाकडे. दोघं मिळून आले तरच दार उघडणार. प्रत्येक कुलपाबरोबर आलेली जादा चावी तुमच्याकडे होती. तीही नको, असं तुम्हीच म्हणालात. संध्याकाळी सगळ्यांसमोर धक्क्यावर उभे राहिलात आणि दोन्ही चाव्या खाडीत भिरकावल्यात. माझ्या डोळ्यांसमोर तो हात अजून वर जातो आहे. मग मगरिबची अजान होते, तुम्ही खजूर तोंडात टाकता आणि उरलेले दोन्ही पाटलांपुढे धरता. दोघं एकाच ताटलीतून उचलतात. एक बाई म्हणते, "चाचा, तुमच्या देवानं आज आमच्या पोरांना वाचवलं बगा."

ही गोष्ट मी जगभर सांगितली, अब्बा. जिथे बोलणी अडायची तिथे मी तुम्हाला बाहेर काढायचे. बंदूक मांडीवर घेऊन बसलेली माणसं पुढे झुकून ऐकायची. आमचे साहेब लोक मला कोपराने खुणवायचे, ती तुमच्या वडिलांची गोष्ट सांगा. पण मी जी सांगायचे ती गोष्ट धक्क्यावर सुरू व्हायची आणि खजुरावर संपायची. त्याच दुपारची, दुकानातली गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. तुम्ही निघताना म्हणालात, "बेटा, डब्यातल्या जुन्या चाव्यांमधल्या दोन दे. पितळेच्या बघ, चमकणाऱ्या." मी शोधून, ओढणीने पुसून दिल्या. खाडीत गेल्या त्या या. खऱ्या दोन्ही तुम्ही घरी आणून स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागच्या खिळ्याला लावल्यात. अम्मी तेव्हा सांदणं वाफवत होती. तिने बघितलं आणि ती पुन्हा सांदणांकडे वळली. मी मात्र विचारलं. "अब्बा, हे तर लोकांना शेंडी लावणं झालं."

"झालं खरं," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"मग काय? हात रिकामे करायला त्यांना मी सांगितलं. उद्या एकाने दगा दिला आणि दुसऱ्याला रिकाम्या हाताने मरायची पाळी आली, तर ते खून माझ्या गर्दनीवर. भरवसा त्यांनी एकमेकांवर ठेवायचा. मला झोप लागली पाहिजे. अल्लाला जबाब मी देईन, तू गल्ला बघ."

मला तुमची लाज वाटली. आज लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटली होती. धक्क्यावर उभा असलेला माणूस मला वली, कोणी संतपुरुष वाटला होता, आणि घरी येऊन तो पुन्हा दोर विकणारा दुकानदार झाला. आणि अजूनही मी तुमचं सगळंच बरोबर होतं असं म्हणत नाही. ते बाहेर फुटलं असतं तर दोन्ही गावांनी मिळून तुम्हालाच खाडीत टाकलं असतं, आणि तो समेट मात्र पक्का झाला असता. पण फुटलं नाही. चाव्या खिळ्यालाच राहिल्या. पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आधी दोन्ही पाटील एकत्र आले, आपापली चावी घेऊन. गंजके कोयते बघून हसत सुटले. तीच कुलपं मग आपल्या मोरीच्या दाराला लागली.

डोंगरातल्या त्या म्हाताऱ्यालाही मी गोष्ट सांगितली. त्याच्या अंगणात, डाळिंबाच्या सावलीत. तो ऐकताना दाढीवरून हात फिरवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुझा बाप माणूस होता." करार असा होता की खोऱ्यातल्या बंदुका एका कंटेनरमध्ये जातील. त्याला दोन कुलपं, एक त्यांचं, एक आमचं. पलीकडच्या खोऱ्यातही तसंच. त्या दिवशी ट्रकवरून तो कंटेनर उतरला तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं, जासईहून निघून माझ्या मागे मागे इथवर आला! बंदुका आत गेल्या. म्हाताऱ्याने स्वतः बाजारातून आणलेलं कुलूप लावलं, तारेत ओवलेल्या त्याच्या सगळ्या चाव्या हातात घेतल्या, आणि नदीच्या काठाला जाऊन उभा राहिला. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या बापाने टाकल्या, मी पण टाकतो." आणि भिरकावल्या. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, कॅमेरे चालू होते, आमचे साहेब डोळे पुसत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही ते आधीच ओळखलं होतंत. आमचं खोऱ्यातलं ठाणं बंद करायचा हुकूम राजधानीतून आला. आम्ही तिथून पुढे उंटावरून शेळ्या हाकणार होतो. पलीकडच्यांनी आपल्या बंदुका पुरत्या दिल्याच नव्हत्या. ते एका सकाळी चालून आले. आमचा तिथे मागे राहिलेला पहारेकरी भला माणूस, त्याने नियम गुंडाळून ठेवला आणि आमच्या कुलपाची चावी धावत आणून दिली. आमचं कुलूप उघडलं. म्हाताऱ्याचं उघडेना. त्याचा धाकटा मुलगा दगड घेऊन ते कुलूप फोडत होता. कुलूप चांगलं होतं. पोरगा तिथेच, त्या दारापाशी पडला. मी तेव्हा इथे पनवेलमध्ये होते, रजेवर. बाजारातून जिताडा आणला होता, तो साफ करत होते, तेव्हा फोन वाजला.

आणि आता म्हातारा विचारतो आहे की ती दोन गावं कशी आहेत. माझी गोष्ट खोटी होती का, एवढंच बहुधा त्याला जाणून घ्यायचं आहे. त्याचा पोरगा कशावर विश्वास ठेवून गेला, ते त्याला हवं आहे. त्याला चाव्यांचं खरं सांगितलं, तर ज्याला तो 'माणूस होता' म्हणाला त्याने खऱ्या चाव्या टाकल्याच नव्हत्या, हे त्याला या वयात, मुलाला पुरल्यावर कळणार. आणि नाही सांगितलं, तर तो आपल्याच हातांना दोष देत मरणार, की नदीवर एवढा मोठेपणा करायची मला काय गरज होती. काहीही केलं तरी त्याच्याच पदरात निखारा.

म्हणून परवा मी त्या गावांना जाऊन आले, खालाकडे निघाले होते ती तशीच पुढे. खाडी तिथे आता उरलेली नाही, भराव घातला आहे. धक्का होता तिथे गाड्या उभ्या असतात. एका पाटलाची सून भेटली. म्हणाली, "भांडान? आता कशाशी भांडाचा, बाय? मासा हाय कुठं? दोनी गावची पोरा एकाच यार्डात गाड्या चालवतान." घरी आले आणि म्हाताऱ्याला निरोप पाठवला. समेट टिकला, म्हटलं. दोन्ही गावांची मुलं आज एकत्र कामाला जातात, माझ्या वडिलांची आठवण काढतात. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं मी घातलं. चाव्यांचं या वेळीही सांगितलं नाही.

अजून एक राहिलं. त्या दिवशी नदीकाठी त्याचा हात वर गेला, तेव्हा मला तांदळाच्या पिंपामागचा तो खिळा स्वच्छ दिसला होता. थांबा म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण तो माझ्या गोष्टीमुळे ते करत होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते फार आवडलं. तुम्ही असता तर विचारलं असतंत, बेटा, आताही त्याला सांगितलं नाहीस ते त्याच्यासाठी की स्वतःसाठी? आणि मी म्हटलं असतं, त्याच्यासाठी. तुमच्यासमोर बसूनही तेच म्हटलं असतं.