'घरचं ताट' आणि एकुलता तारा

अल अझीझिया, दोहा
रविवार, सकाळ

ती. शैलजाआत्या,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, त्यामुळे सध्या तीन चतुर्थांशच घातला, उरलेला दिवाळीत समक्ष पुरा करीन).

तुझा गुडघा कसा आहे? "बरा आहे" हे उत्तर चालणार नाही. जिन्याच्या कितव्या पायरीला दुखायला लागतो ते कळव, म्हणजे मागच्या वेळच्या सातव्या पायरीशी ताडून पाहता येईल. माझी तब्येत उत्तम आहे आणि जेवणाची आबाळ नाही. तू पाठवलेला काळा मसाला पोचला, चांगला वापरात आहे. फोनवर लांबलचक वाचलं की तुझे डोळे दुखतात, म्हणून हे कागदावर लिहून मधुराच्या हाती देते आहे. ती माझ्या फ्लॅटमध्येच राहते, मंगळवारी निघेल आणि बुधवारी सोलापुरात तुझ्या दारात असेल. तिला चहा दे. जेवायला आग्रह करू नकोस, ती खरोखर थांबते.

आता मुद्द्याचं. आमच्या इमारतीपासून चारशे वीस पावलांवर 'घरचं ताट' नावाचं मराठी हॉटेल आहे. मालक संजीवकाका मूळचे नाशिकचे. (इथे पन्नाशीपुढच्या प्रत्येक मराठी पुरुषाला काका म्हणतात, नातं विचारायची पद्धत नाही.) इंटरनेटवर गिऱ्हाइकं हॉटेलांना तारे देतात: पाच म्हणजे वा, एक म्हणजे मालकाने काही दिवस तोंड लपवावं. 'घरचं ताट'ला पाच तरी मिळतात नाहीतर एक. मधले आकडे जणू कोणाला माहीतच नाहीत. एकाच शुक्रवारी एकाच आमटीबद्दल एकाने लिहिलं होतं की डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा येणार. दुसऱ्याने लिहिलं की आमटी आहे की बासुंदी. तिसऱ्याची तक्रार अशी, की जिभेला आग लागली म्हणून पाणी मागितलं, तर वेटरने आधी गाव विचारलं. वाढायला लागणारा वेळही असाच, कधी नऊ मिनिटं, कधी एक्केचाळीस.

संजीवकाकांनी हे सगळं माझ्यापुढे मांडलं, कारण मी इथल्या वेस्ट बे भागात मोजमापाची यंत्रं तपासून ती खरी की खोटी ते ठरवण्याचं काम करते. त्यांच्या मते आमटी हेही यंत्रच. त्यांचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. तयार रश्शाची पाकिटं आणायची, सगळ्यांना एकच चव द्यायची, आणि स्वयंपाकी केरबा याला महिनाअखेर गावी पाठवायचं. माझ्या अहवालात त्याचा दोष निघाला की झालंच. मी म्हटलं, अहवालात जे निघायचं ते निघेल. (हे मी जरा कोरडेपणाने म्हटलं. तसं म्हणायचं कारण होतं, ते पुढे येईल.)

मी अकरा वेळा गेले. खिशात थर्मामीटर आणि वही. पहिल्या चार फेऱ्यांत काही कळलं नाही, कारण पातेलं एकच, मीठ तेच, गॅस तोच. पाचव्या फेरीत मी वेटरने, म्हणजे सुरजने, आत पाठवलेली चिठ्ठी पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं: ताट दोन, कोल्हापूर एक, पुणे एक. मी आत गेले. केरबा पातेल्यातली आमटी छोट्या कढईत काढायचा आणि शेवटची फोडणी गिऱ्हाइकाच्या जिल्ह्याप्रमाणे द्यायचा! कोल्हापूरला तिखटाचा तांबडा तवंग, पुण्याला गूळ, रत्नागिरीला ओलं खोबरं. जिल्हा नीट कळला नाही तर हात पुसत स्वतः टेबलापाशी येऊन चौकशी करायचा, आणि एक्केचाळीस मिनिटं तिथे जायची.

ही खोड त्याला कशी लागली तेही मी विचारलं. केरबा कराडकडचा, आधी इथे ट्रेलर चालवायचा. एका खोलीत नऊ जण, नऊ तालुक्यांचे, आणि स्वयंपाक याच्याकडे. पहिल्या महिन्यात रोज भांडणं झाली, मग याने प्रत्येकाची फोडणी वेगळी करायला घेतली आणि भांडणं थांबली. तीच रीत त्याने इथे आणली. परक्यांचीही सोय त्यात आहे. इजिप्तचा एक गृहस्थ आला, तेव्हा केरबाने एवढंच विचारून घेतलं की तुमच्या गावाला समुद्र आहे का. आहे म्हटल्यावर त्याला कोकणात घातलं. पाच तारे. अल गराफा या इथल्या वस्तीतल्या बंगल्यांमधली लहान मुलं गाव विचारलं की इंग्रजीत अल गराफाच सांगतात. त्या जिल्ह्याची फोडणी नाही, म्हणून त्यांना तूपभात. तेही पाच.

मग एक तारा देतात ते कोण? हे मी अकराव्या फेरीपर्यंत पुराव्यानिशी काढलं. आत्या, परदेशात कोणी आपलं खरं गाव सांगत नाही. करमाळ्याचा, बार्शीचा, माणचा, सगळे म्हणतात पुणे, कारण समोरच्याला तेच ठाऊक असतं असा प्रत्येकाचा समज, आणि पासपोर्टवरही बहुधा तेच. केरबा बिचारा विश्वासाने गूळ घालतो. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा झारा हातातच राहिला. म्हणाला, "म्हंजी लोकं गावसुदीक खोटं सांगत्यात व्हय, ताई?" एवढा दुखावलेला माणूस मी अलीकडे पाहिला नाही. मी म्हटलं, खोटं नाही, ढोबळ सांगतात. तो म्हणाला, ढोबळ सांगायला ते काय मापाडी हायत. (मला हा माणूस आवडतो. अहवालात लिहिलेलं नाही.)

उपाय सोपा होता. प्रश्न बदलायचा. आता सुरज गाव विचारत नाही. विचारतो, घरी कोणाच्या हातचं आवडतं? पहिली चाचणी संजीवकाकांवरच घेतली. नाशिकचे म्हणून केरबा त्यांना सहा वर्षं झणझणीत वाढत होता आणि ते सहा वर्षं नाक पुसत त्याच्यावर चिडत होते. नव्या प्रश्नावर ते दाराकडे बघून हळूच म्हणाले, सासूबाईंच्या. सासूबाई मालवणच्या. केरबाने खोबरं वाटलं. काकांनी तीन वाट्या आमटी घेतली आणि काकूंना यातलं काही सांगायचं नाही असं आम्हाला बजावलं. गेल्या दोन आठवड्यांत एकही एक तारा नाही, सरासरी वेळ चौदा मिनिटं. अहवाल मी आठ पानांत दिला. निष्कर्ष: स्वयंपाकी निर्दोष, प्रश्न सदोष.

काका तरीही पूर्ण वळलेले नाहीत. स्वयंपाकघरात त्यांनी एक कागद डकवला आहे. कोणा निनावी गिऱ्हाइकाने जानेवारीत एक तारा देऊन दोनच शब्द लिहिले होते: "घरचं नाही." ते त्यांना फार लागलं आहे. हॉटेलाच्या नावावरच घाव, म्हणतात. त्यांचा संशय आळीपाळीने सगळ्यांवर जायचा; परवापर्यंत अल गराफातल्या एका पुणेकर कुटुंबाची पाळी होती. त्यांची अट अशी: त्या निनावी माणसाला शोधून आणा, येत्या शुक्रवारी केरबाने त्याला जेवू घालावं, आणि त्याने स्वतः तारे बदलले तरच केरबा राहील. नाहीतर पाकिटं. केरबा म्हणतो, इन्शाल्ला हुईल. पण परवापासून त्याने बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली आहे.

बाकी सर्व क्षेम. घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार, आणि गुडघ्याची पायरी कळव.

तुझी,
ईश्वरी

ता. क. काळ्या मसाल्याबद्दल वर लिहिलेलं खरं आहे, पण अपुरं आहे. डबा अकरा महिने माझ्या कपाटात होता, झाकणाची चिकटपट्टी शाबूत. गेल्या मंगळवारी तो केरबाला दिला. मी घरी भातसुद्धा करत नाही. आईला हे कळवण्याची आवश्यकता नाही.

ता. क. २. निनावी गिऱ्हाईक मी आहे. जानेवारीत पहिल्यांदा गेले तेव्हा सुरजने गाव विचारलं आणि मी पुणे म्हटलं. दहावीपर्यंत तुझ्याकडे सोलापुरात वाढले, तरी पुणे म्हटलं. गोड आमटी आली. त्या दिवशी माझा वाढदिवस होता, एवढंच कारण. संजीवकाकांना काल सांगितलं. त्यांनी माझी आठ पानं पहिल्यापासून पुन्हा वाचून काढली आणि अट कायम ठेवली.

ता. क. ३. आता अडचण अशी, की मला खोटं मोजमाप देता येत नाही. शुक्रवारचं ताट जमलं नाही तर तारा एकच राहील आणि केरबा जाईल. त्याने मला नवा प्रश्न विचारला, मी तुझं नाव सांगितलं. दाण्याच्या कुटाची ती शेंगाभाजी त्याने तीनदा केली, तिन्ही वेळा जवळपास आली, पण ती तुझी नव्हती, आणि काय कमी आहे ते मला आकड्यांत सांगता आलं नाही. म्हणून शुक्रवारी इथल्या सकाळी नऊला, तुझ्या साडेअकराला, फोन करते. तू केरबाला सांग. ग्रॅममध्ये नको, तुझ्या मुठीने सांग. त्याची मूठ तुझ्यापेक्षा किती मोठी आहे ते मी मोजून ठेवलं आहे.

आणि त्याने सवयीने तुला गाव विचारलंच, तर कृपा करून सोलापूर म्हण.