मुलामा देणारे आजोबा

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घे, माझे गुडघे हल्ली वाकू देत नाहीत. वहिनीला सांग, तिनं पाठवलेली शाल बाबा अंगावेगळी करत नाहीत. कोणी पाठवली ते मी सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलेलं नाही.

इतक्या वर्षांनी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी घडलं असणार, हे तू ओळखलंच असशील. बाबा ठणठणीत आहेत, आधी तेच सांगते.

झालं असं, की माझ्या लेकीला घराण्याची माहिती गोळा करायचं वेड लागलंय. कोण कुठून आला, काय करत होता. आपल्या आजोबांपाशी येऊन तिचं घोडं अडलं. ते मुलामा द्यायचे, एवढंच आपल्याला ठाऊक, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, सगळं दारूत घालवायचे. मुलामा देतात म्हणजे नेमकं काय करतात, हे आपण कधी विचारलंच नाही. मी तर समजत होते, कुंचल्यानं सोनेरी रंग लावत असतील. म्हणून ती मला जुन्या धंद्यांच्या संग्रहालयात घेऊन गेली.

तिथे मुलामा देणाऱ्याची खोली जशीच्या तशी ठेवली आहे. बसकी, एकाच खिडकीची, तीही बंद, वाऱ्यानं निखारे भडकू नयेत म्हणून. माहिती देणारी बाई सांगत होती, सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा गोळा करायचा, पितळी बटणांवर चोळायचा आणि बटणं निखाऱ्यांवर धरायची. पारा उडून जातो, सोनं राहतं. लेकीनं विचारलं, उडून जातो कुठे?

"कारागिराच्या अंगात," बाई म्हणाली. "मग हात थरथरायचे, जीभ अडखळायची, दात हलायचे, तोंडाला घाण वास यायचा. माणूस उगाच संतापायचा. लोकांना वाटायचं, पिऊन आलाय."

दादा, आजी आपल्या आजोबांबद्दल जे जे सांगायची, तेच ती बाई सांगत होती.

बाबांना सांगायचं की नाही, यावरून आम्हा मायलेकींचं वाजलं. ऐंशीच्या माणसाला आता कशाला, असं माझं म्हणणं. ती कसली ऐकते, चहाच्या वेळी सांगून मोकळी झाली. मला वाटलं, बाबा उडवून लावतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग जे बोलले ते त्यांनी तुझ्या-माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

आजोबा शपथा घ्यायचे, थेंबही घेतला नाही म्हणून. आजीचा विश्वास बसेना. एकदा तिनं बाबांना, सहा वर्षांच्या पोराला, पुढे केलं. जा, बापाच्या तोंडाचा वास घे. बाबांनी घेतला.

"वास येत होता गं," ते मला म्हणाले. "घाणच होता. मी सांगितलं, येतोय. दारूचा वास कसा असतो, मला कुठे माहीत होतं?"

त्याच संध्याकाळी आजीनं आजोबांना घराबाहेर काढलं. पुढे ते कुठे गेले, कसे वारले, कोणालाच पत्ता नाही.

दारू म्हटलं की बाबा का पेटायचे, आणि त्या लग्नाहून तू परतलास तेव्हा दारातच अडवून त्यांनी तुझं तोंड का हुंगलं, ते मला आत्ता कळतंय. तू घेतली होतीस, ते सोड. तुला घराबाहेर काढताना त्यांना स्वतःचंच सहाव्या वर्षीचं म्हणणं खरं करायचं होतं, असं मला वाटतं. आजोबा दारुडे नव्हते, हे त्यांना कबूल करणं परवडणारंच नव्हतं.

तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही. कोणाची माफी मागू, एवढंच विचारतात. आज सकाळी मात्र त्यांनी मला बोलावलं. मोठ्याला लिही, म्हणाले. काय लिहू, असं विचारल्यावर जे सांगितलं ते आहे तसंच उतरवते.

"ये म्हणावं. पिऊन आला तरी चालेल, पण ये म्हणावं."

उत्तर पत्रानं देऊ नकोस.

बाबांच्या शेजारी बसून लिहिणारी,
तुझी धाकटी