कडेवरचं बाळ

ती. आईस, तुझ्या तापट लेकाचा साष्टांग नमस्कार.

माझं सगळं पालटलं ते शाळेच्या दारात. आमच्या बांधकामावरच्या गवंड्याची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत गेली, तर बाईंनी परत पाठवलं. आईबाप दिवसभर कामावर, मग बाळ ठेवणार कुठे? मी कॉलेजमधून भरल्या ताटावरून उठल्यासारखा उठलो, आणि हिला पंगतीतच बसू देईनात! तावातावाने भांडायला गेलो. बाई म्हणाल्या, "एवढा कळवळा आहे, तर तूच सांभाळ की!"

सांभाळतोय, आई! माझी पाळी रात्रीची, म्हणून सकाळी बाळ माझ्या खोलीवर असतं. झोप दुपारी काढतो, काळजी नको. गवंडी हसतो, "लग्नाआधीच लेकुरवाळा झालास!" हे आपल्या शेजारच्या तिला सांगू नकोस. नाही, सांगच. तिचं लग्न ठरलं नाही ना अजून? बाबांचा खोकला कसा आहे?

मुलगी आता स्वतःचं नाव लिहिते. पण आज शाळा भरायची वेळ झाली तरी बाळ आलेलं नाही. बापाने तिला कामाला जुंपलं नसेल ना? भांडत नाही, तुझी शपथ. बाळ तेवढं उचलून आणतो आणि तिला शाळेत धाडतो.

दार ओढून निघालोच.

तुझाच,
धाकटा