दाराखालचा ओला टॉवेल

२० नोव्हेंबर
आनंद नगरात बिऱ्हाड थाटलं. पुण्याच्या वृत्तपत्राचा नवा भोपाळ-प्रतिनिधी म्हणजे मी, एक पेटी कपडे आणि दोन पेट्या आपत्ती : खाणीत गाडलेले, बर्फात अडकलेले, फुटल्या जहाजातून परतलेले, सगळ्यांच्या खऱ्या कहाण्या. घरमालकीण नलिनीकाकू मूळच्या नागपूरच्या. पेट्या पाहून म्हणाल्या, "लोक देव घेऊन येतात, तुम्ही संकटं घेऊन आले." पसंत पडलो असेन. वरची खोली सुबक आहे. खिडकी तेवढी विटांनी बुजवलेली आणि प्लग मौनव्रती. मोबाइल खाली काकूंच्या स्वयंपाकघरात चार्ज होतो.

२४ नोव्हेंबर
दुपारी काकूंना रोज एक आपत्ती वाचून दाखवतो. मेथी निवडत त्या पुराण ऐकल्यासारख्या ऐकतात. शेवटी प्रश्न एकच : दार कोणी उघडलं? बर्फाखालच्या विमानाला कसलं दार, असं मी चिडवलं. "असतेच जी कुठंतरी," म्हणाल्या.

दिवस मावळला की घरातल्या प्रत्येक दाराखाली ओला टॉवेल. चौऱ्याऐंशीच्या वायुगळतीच्या रात्री त्या स्टेशनाजवळ राहत. त्यांनी फटी बुजवल्या, त्या वाचल्या. यजमान दत्तात्रय दार उघडून पळाले. एवढे ग्रंथ पचवलेल्या मला पुढचं विचारवलं नाही.

३० नोव्हेंबर
थंडी पडली. काकूंनी मायेनं कोळशाची सिगडी खोलीत आणून ठेवली. आज सकाळी डोकं जड. पुस्तकातलं जहाज बुडेपर्यंत जागण्याचं फळ, दुसरं काय!

२ डिसेंबर, सायंकाळ
आज त्या रात्रीची तारीख. या एका संध्याकाळी घरात जो असेल त्याच्या दाराला काकू बाहेरून कडी घालतात. माणूस घाबरून पळू नये. मी हसून रुकार दिला, लेखाला विषय मिळाला म्हणून. सिगडी पेटवून ठेवली. टॉवेल भिजवायला माझा पाण्याचा तांब्याही घेऊन गेल्या. फटीत कापड कोंबल्याचा आवाज. मग चिकटपट्टीचा. चारही बाजूंनी.

नंतर
डोकं ठणकतंय. मळमळ. खाणीच्या पुस्तकात हेच लिहिलंय — कोळशाचा वायू, वास नाही, रंग नाही —

सिगडी.

हाका मारल्या. ओरडून सांगितलं, काकू, विष बाहेर नाही, आत आहे. त्या रडत म्हणाल्या, "हेही असंच म्हणत होते. मी नाही उघडणार, भाऊ."

विझवायला पाणी नाही. सर्वांत जाड पुस्तक निखाऱ्यांवर दाबलं. पेटलं.

पेटी दारावर ढकलायला गेलो — गुडघे —

पुस्तकात म्हटलंय, जमिनीलगत — की उंच? — आठवत नाही

काकू दाराशीच बसल्यात. आणखी एक कापड —

म्हणतात, बघा, शांत झालात, आता भीती नाही. शांत नाही झालो काकू, मला नुसता आवाज फुट—