जेट-स्कीचा तळ आणि तुझा कान

प्रिय शोभा,

वलगावच्या आपल्या शेडमध्ये बसून लिहितो आहे. समोर एक जेट-स्की उलटी पडली आहे. उभ्यानं चालवायची, पाण्यावरची मोटरसायकलच म्हण ना. अकोल्याच्या एका पोराची. धरणावर उड्या मारून मारून त्यानं तळाला भेग पाडली. आजवर आपण फायबरचे कूलर केले, टाक्या केल्या; असलं काम पहिल्यांदाच आलं, आणि तू नाहीस. म्हणून लिहितो.

काम चोख केलं आहे. जुना थर ग्राइंडरनं खरवडला, भेग मुळापर्यंत उकलली, पुसून कोरडी केली. मग फायबरची मॅट, त्यावर विणलेलं कापड, पुन्हा मॅट. आपल्याकडच्या उन्हात थर चिकटवायचं रेझिन मगातच दगड होतं, म्हणून ते घट्ट करणारं हार्डनर बेतानं टाकलं अन् सकाळच्या गारव्यात उरकलं. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही मी, पण रोलर असा फिरवला की बुडबुडा शोधून सापडू नये.

पण शोधणार कोण?

ते काम तुझं. कौंडण्यपूरच्या नदीच्या वाळूत टरबुजं पिकवणाऱ्यांची लेक तू. थर वाळला की पदर खोचून यायचीस, टरबूज ठोकावं तसं बोटांनी ठोकायचीस आणि एका जागी थांबायचीस. "हे कच्चं हाये." मी चिडायचो. कापलं की आत हवा असायचीच!

ग्राइंडरनं माझे कान केव्हाच बोथट केले. आज कितीतरी वेळ ठोकत बसलो. सगळीकडे एकच आवाज. तुला नेमकं काय ऐकू येत होतं गं? मला का नाही शिकवलंस? विचारलं की हसायचीस, म्हणायचीस, यायले बाजारात टरबूज निवडता येत नाही, अन् हे फायबर निवडणार!

हा तळ पाण्यावर आपटेल तेव्हा वर ते पोरगं उभं असेल. 'असेल ठीक' म्हणून देऊ कसा?

शेवटी तुझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, फोन केला. तू गेल्यापासून तिच्या घराची पायरी चढलो नव्हतो. ती बाजारातलं दुकान शेजारणीवर सोपवून आली. मान वाकडी करून ठोकत गेली, अगदी तुझ्यासारखी. मी नजर वळवली.

"भाऊजी, इथं पोकळ हाये," ती म्हणाली. मग हळूच, "इतके दिवस काहून नाई बोलावलं आमाले?"

तिनं दाखवलं तिथं कापलं. नखाएवढी हवा निघाली.

जाताना ती एक टरबूज ठेवून गेली. एकट्या माणसानं अख्खं टरबूज कापायचं तरी कशाला? तसंच ठेवलं आहे.

उद्या सकाळी तेवढी जागा भरतो. आणि शब्द देतो, शोभा: ठोकून घेतल्याशिवाय एकही तळ या शेडबाहेर जाणार नाही. त्यासाठी रेखाला बोलवावं लागेल, बोलवीन. ते टरबूजही तिच्याकडेच घेऊन जाईन. तिथं सगळ्यांमध्ये कापू.

टरबूज कधीच निवडता न आलेला,
तुझा दिनकर