बेचाळिसावी बोट

६ ऑक्टोबर
पोचले एकदाची डहाणूला! झरीहून निघताना बाबांनी तीनदा विचारलं, लोणचं घेतलंस ना. मच्छीमार सोसायटीतली ही माझी पहिली नोकरी. खोली वसुमतीकाकूंच्या घरी, माडीवर. खाली अंगणात बांबूंवर बोंबील वाळताहेत. वासाची सवय होईल, असं काकू म्हणाल्या आणि गरम घावन वाढले.
काम सोपं वाटतंय. प्रत्येक बोटीवर एक पेटी असते. ती बोटीची जागा कळवते, वादळाचा इशारा घेते. सगळं एन्क्रिप्शनने कुलूपबंद. प्रत्येक पेटीची चावी वेगळी, त्या पेटीतच राहणारी. तिची नक्कल होत नाही. सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे पेट्यांना पटणारं त्याचं ओळखपत्र, मुदत संपून बाद झाल्यामुळे एक्केचाळीस बोटी सध्या बहिऱ्या आहेत.

८ ऑक्टोबर
नवं सर्टिफिकेट बसवूनही जोडणी होईना. दीड दिवस डोकं खाल्लं. शेवटी सापडलं: नव्या सर्टिफिकेटची हमी देणारं मधलं सर्टिफिकेट कुणी टाकलंच नव्हतं. दुपारी तीनला पहिली बोट जोडली गेली. आमचे सेक्रेटरी दशरथभाऊ खुशीत चिकूंची पिशवीच घेऊन आले.
निघताना नकाशावरचे बोटींचे ठिपके मोजले. बेचाळीस. जास्तीची ‘जयश्री’, समुद्रात चाळीस मैल आत.

९ ऑक्टोबर
दशरथभाऊंना विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं. जयश्री गेल्या वर्षीच्या वादळात बुडाली, चार माणसांसकट. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होता बाळ्या, वसुमतीकाकूंचा एकुलता मुलगा. माणसं मिळाली नाहीत, पेटीही नाही.
जुन्या नोंदी उघडल्या. तेव्हाही सर्टिफिकेट असंच संपलं होतं, दोन दिवस कुणी बघितलं नव्हतं. त्या दुपारी जयश्रीने त्रेसष्ट वेळा जोडणी मागितली. त्रेसष्ट वेळा नकार. इशारा पोचलाच नाही.
हे काकूंना कळता कामा नये, दशरथभाऊ म्हणाले. नोंद पुसून टाक.
मी पुसली. जेवताना काकूंकडे बघवेना.

१० ऑक्टोबर
जयश्री सरकतेय. सकाळी बारा मैलांवर होती, दुपारी खाडीच्या तोंडाशी. मी मोबाइल घेऊन धक्क्यावर पळत गेले. भरतीचं पाणी, वर काहीच नाही. नकाशावर मात्र ती माझ्या समोर, वीस हातांवर.

११ ऑक्टोबर
ठिपका जमिनीवर आला. मासळी बाजार. मग आमची गल्ली.
जयश्रीच्या पेटीचंही एक सर्टिफिकेट असतं, ते मी रद्द केलं. ठिपका गेला. हायसं वाटलं.

१२ ऑक्टोबर
चुकलं माझं. ती अजून जोडणी मागतेय — दर मिनिटाला. सर्व्हर नाकारतो. नाकारतो म्हणून जागा दिसत नाही. आता कुठवर आलीय — कळायचा एकच मार्ग होता, तो मीच —
दशरथभाऊ फोन उचलत नाहीत.

१३ ऑक्टोबर, दुपार
अकरा वाजता जोडणी मागणं थांबलं. आपोआप.
काकू खाली कुणाशी तरी बोलताहेत. हसताहेत. त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.
आत्ता हाक मारली त्यांनी — “श्रुतिका, बाळ्या आलाय गं! विचारतोय, दोन दिवस मला नाही म्हणतंय कोण? मी म्हटलं, ती वरच आहे, तूच जाऊन —”
कडी घातली दाराला. हात ओला झाला. खारट. कडी आतल्या बाजूने ओली कशी, मी तर सकाळपासून इथेच, एकटी —