पाणी सोडणारी एक व्यक्ती

सर, मला तुमचा अजून राग येतो, आणि तुम्ही मेलात म्हणून तो कमी झालेला नाही. जिवंत माणसावर रागावलं की तो निदान तोंड वाकडं करतो, विषय बदलतो, उलट ओरडतो. तुम्ही काहीच करत नाही. परवा तलासरीला शिक्षकांचं शिबिर आहे, प्रश्न विचारायला लावून नागरिकशास्त्र कसं शिकवायचं यावर, आणि मला तिथं बोलायला बोलावलंय. फोनवरची बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्या पाड्याच्या पाण्याचं सांगा ना, फार इन्स्पायरिंग आहे." म्हणजे मी ज्या गोष्टी लिहिते त्या कोणाला कळत नाहीत, माझी आई पण म्हणते की तुझ्या गोष्टीला शेपूट नसतं, पण पाण्याचं उदाहरण मात्र सगळ्यांना पाठ. तुम्हीच ते गावोगाव सांगत फिरलात. त्या उदाहरणात माझा बाप कुठंच नाही.

२०१६. नववीचा वर्ग, पत्र्याखाली आम्ही भाजतोय. पुस्तकात ग्रामपंचायतीची कामं छापलेली आहेत, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते. तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, "हे पुस्तकातलं गाव झालं. आपलं कुठंय?" मागून कोणतरी म्हणतं, "सर, आपलं उन्हात." वर्ग हसत सुटतो, आणि सगळ्यात जास्त तुम्ही हसता. मग फळ्यावर लिहिता, आपल्या पाड्यावरच्या नळाला पाणी का येत नाही? उत्तर देत नाही. तुम्ही कधीच द्यायचा नाहीत. "मी सांगितलं तर ते माझं उत्तर. तुम्ही शोधा." आणि कसं शोधायचं ते सांगता. साहेबाला विचारा, पण जो हाताने काम करतो त्याला आधी विचारा. वाद घालू नका, ऐका. आणि कोणाचं नाव घ्यायचं नाही, 'एका व्यक्तीने सांगितलं' असं म्हणायचं. "नाव घेतलं की माणूस अडचणीत येतो." हे तुमचं वाक्य आहे सर. तुम्हाला माहीत होतं माणूस अडचणीत येतो. म्हणजे तुम्ही तेवढा विचार केला होता. तेवढाच.

कारण आमच्या गावात पाणी सोडणारा एकच माणूस होता. टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी आमच्याच दाराशी टेकवलेली असायची. तुम्ही येता-जाता बघितली होती.

मी चुलीपाशी बसून विचारलं. बाबा भाकरी आणि सुकट खात होता. मी एकदम शाळेतल्या आवाजात, "आपण पाणी सर्वप्रथम कुठे सोडता?" तो हसला. "आपण? तू काय पेपरवाली हाय काय गो?" आईला म्हणाला, "बघ, पोरगी साहेबीण झाली." मग जेवता जेवता सांगितलं. पहिलं चिकूच्या वाडीत सोडतो. सरपंच बोलतो, झाडं सुकली तर लोकांना कामावर कोण ठेवील? उरलं तर पाड्यावर. "आणि उरतं का?" "वाडीला पोट नसतं गो, कितीपण पिते." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दोनदा म्हणून बघितलं. तो मला सांगत होता सर. घरात, उघड्या अंगाने, तोंडात घास घेऊन, स्वतःच्या पोरीला. तुमच्या वर्गाला नाही.

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं आणि तिथंच शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा बसली. तुम्ही आधीच सरपंचांना सांगून ठेवलं होतं की मुलं जरा बोलतील. ते खूश. "बोला बोला, उद्याचे नागरिक!" त्यांना वाटलं पोरं स्वच्छतेवर गाणं म्हणणार. मी उभी राहिले. आवाज माझा मोठा, म्हणून तुम्ही मला निवडलं होतं. "पाणी सोडणाऱ्या एका व्यक्तीने सांगितलं की पाणी आधी चिकूच्या वाडीला सोडलं जातं, आणि तसं सोडायला सरपंचांनी सांगितलेलं आहे." नियम एकदम बरोबर पाळला होता. नाव घेतलं नव्हतं. बायकांमधून एक म्हातारी ओरडली, "एक व्यक्ती म्हंजे? दुसरा हाय कोण?" आणि सगळी सभा हसली. हसत हसत सगळ्यांची डोकी मागे वळली. बाबा भिंतीला टेकून उभा होता, खांद्यावर ती चावी. सभा झाली की पाणी सोडायला जायचं होतं त्याला. सरपंच हसले नाहीत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पहिल्या खुर्चीत होतात. तुम्ही मान हलवलीत, पुढे बोल. आणि मी बोलले.

घरी येताना बाबा पुढे, मी मागे. रस्त्याच्या मोरीपाशी थांबला. मारेल असं वाटलं. मारलं नाही. म्हणाला, "व्यक्ती कोण गो? आँ? मी व्यक्ती हाय? मी बाप हाय तुझा." एवढंच.

त्याच आठवड्यात चावी सरपंचांच्या पुतण्याकडे गेली. आणि हो, पाड्यावर पाणी आलं. एक दिवस आड, पण आलं, कारण आता सगळं गाव टाकीकडे बघत होतं. शिबिरातली बाई म्हणते ते खोटं नाही. पाणी आलं आणि बाबा गेला. पहाटेच्या जीपला लटकून गुजरातच्या बाजूला, रसायनाच्या कारखान्यात पिंपं धुवायला. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या तळहातांची कातडी सोलवटलेली होती. आई खोबरेल लावायची आणि तो म्हणायचा, "राहू दे, परत उद्या तेच हाय."

आणि मग तुम्ही आलात. तालुक्याच्या प्रदर्शनात वर्गाने केलेला पाण्याचा तक्ता पहिला आला म्हणून ढाल घेऊन, पेढे घेऊन. आमच्या ओटीवर बसलात. बाबाने ती ढाल हातात घेतली, फिरवून बघितली. तुम्ही त्याचे हात बघितलेत. मी तुम्हाला बघताना बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, माझं चुकलं. तुम्ही चष्मा पुसलात आणि विचारलंत, "तुम्हाला काय वाटतं, मुलांनी हे विचारायला नको होतं का?"

प्रश्न! अहो, तिथंपण प्रश्न! त्या एका दिवशी मला तुमच्याकडून उत्तर हवं होतं. दोन शब्दांचं. तुम्ही ते पण आमच्याकडूनच शोधून घ्यायला निघालात. बाबा काय बोलला आठवतं? "चहा घ्या सर, निवतोय."

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला, डहाणूला खोली घेऊन राहत होते. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, काविळीचं निमित्त झालं म्हणे. खाली हात जोडलेल्यांची रांग. एकजण तर 'गुरुर्ब्रह्मा' लिहून मोकळा, ज्याला तुम्ही वर्षभर बाहेर उभा करायचात. मी काहीच टाकलं नाही. स्टेशनच्या बाहेर जाऊन वडापाव खाल्ला, आणि तो गिळताना मला इतका राग आला की अर्धा कुत्र्याला टाकला. तुम्ही सुटलात. माफी न मागता सुटलात.

काल बाबा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी विचारलं, "शिबिरात तुझं सांगू का?" या वेळी आधी विचारलं. तो म्हणाला, "सांग की. मी काय चोरी केली?" मी म्हटलं, "सगळं सांगणार. सरांनी काय केलं ते पण." त्याने शेंग खाली ठेवली. "सरांचं वाईट नको बोलू." "का? तुझं काम गेलं त्यांच्यामुळे." "काम सरपंचाने काढलं. सर पोरांसाठी झटत होते. आणि मेलेला माणूस काय उलट बोलणार हाय? एकाच बाजूची सभा ती."

आता सांगा, काय करू या माणसाचं? ज्याची कातडी गेली तोच तुमची बाजू घेतो. म्हणजे परवा मी चावीचं सांगणार, सोललेल्या हातांचं सांगणार, त्या शिक्षकांना म्हणणार की पोरांना प्रश्न द्याल तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या घरी संध्याकाळी काय होईल ते आधी बघून या. आणि तुमच्यावरचा राग तेवढा इथं ठेवून जाणार. हे पत्र कुठं टाकायची सोय नाही ते बरंय.

एक गोष्ट बाबाला अजून सांगितलेली नाही. पाड्याच्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या सकाळी तो जीपने निघून गेला होता, आणि मी हंडा लावून उभी होते. आधी नुसती हवा आली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. बायका ओरडत होत्या. मी ओंजळीने प्याले, तोंडावर मारलं, आणि सर, मी हसत होते.